कोब्याखालची कणसं

अल्बिनाला ऐंशी पूर्ण झाली ते वर्ष दोन हजार सात. त्याच वर्षी ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना दाणे टाकून परत येताना ती स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच्या कोब्यावर पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं.

माझी बहीण पडणाऱ्यांतली नव्हती. पाडणारा तो कोबा होता. बारा फूट रुंद, वीस फूट लांब, सिमेंट-खडीचा, आणि घराच्या बाजूला पाच इंच खचलेला. उंबरठ्यावरून पाय खाली टाकला की जमीन जिथे असायला हवी तिथे नसायची. अल्बिनाच्या पायांना ते पाच इंच सवयीचे झाले होते, पण आदल्या दिवशीचं पाणी त्या उतारावर साचून राहिलं होतं आणि पहाटे त्यावर पातळ बर्फ धरला होता.

विल्बर गावातल्या वृद्धाश्रमात तिला सहा आठवडे ठेवलं. वाढदिवसासाठी शनिवार ते सोमवार घरी न्यायची परवानगी मिळाली. सोमवारी दुपारी बारापर्यंत आश्रमाला कळवायचं होतं की तिची खाट कायमची धरून ठेवायची, की सोडायची.

सोडायची म्हणजे अल्बिनानं घरी राहायचं, आणि घरी राहायचं म्हणजे तो कोबा ओलांडायचा. नेब्रास्कातल्या आमच्या चेक शेतकऱ्यांच्या घरांत पुढचं दार पाद्र्यासाठी आणि शवपेटीसाठी असतं. हावलातांच्या, म्हणजे अल्बिनाच्या सासरच्या घरात त्या दाराला तर नऊ पायऱ्या. जगणारी माणसं स्वयंपाकघराच्या दारानं ये-जा करतात.

शनिवारी दुपारी टेबलावर भाजलेलं बदक होतं, उकडलेले कणकेचे गोळे होते, खसखस भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे, होते. अल्बिना खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती आणि चार पायांचा वॉकर तिच्या शेजारी उभा होता. लिबी, तिची मुलगी, लिंकनच्या दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका होती. ती वॉकरकडे पाहत बोलत होती, आईकडे नाही.

"मी स्पष्टच सांगते. खाट धरून ठेवायची. दुसऱ्यांदा पडली तर ती उठणार नाही. मी रोज बघते अशा बायका."

"आईला विचारलंस?" मिलो म्हणाला. मिलो तिचा थोरला भाऊ. बापाची जमीन तोच कसत होता आणि पाव मैलावर राहत होता.

"तू विचारलंस? रोज सकाळी या दारासमोरून ट्रॅक्टर नेतोस. पाच इंच दिसले नाहीत तुला?"

"दिसले. बाबांना दहा वेळा म्हटलं, फोडून टाकू, नवा ओतू. जुलैत माणूस मिळतोय."

"जुलैत! आणि जुलैपर्यंत आईनं काय उडत जायचं?"

"बदक गार होतंय," अल्बिना म्हणाली.

तेव्हा क्रिस्टा बोलली. क्रिस्टा मिलोची मुलगी, सत्तावीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी आजोबांचा पंप, पाइप आणि गिऱ्हाइकं, सगळं तिनंच चालवायला घेतलं होतं.

"आत्या, फोडायचा कशाला? माझा पंप उद्या मोकळाच आहे. चार भोकं पाडते, खालून गारा भरते, उचलून देते. आजी संध्याकाळी कोंबड्यांना दाणे टाकेल."

सगळ्यांनी अल्बिनाच्या नवऱ्याकडे, बोहुमिलकडे पाहिलं. हे आधीच कसं कुणाला सुचलं नाही, असंच प्रत्येकाला वाटलं असणार. बोहुमिल हावलातनं चाळीस वर्षं शेती सांभाळून खचलेले कोबे उचलले होते. चर्चच्या पायऱ्या, शाळेच्या वाटा, धान्याच्या कोठ्यांचे चबुतरे. चाळीस वर्षं मी त्याचा गारा कालवला. चाळलेली माती, थोडं सिमेंट, पाणी. नाण्याएवढं भोक पाडायचं, त्यातून तो गारा खाली दाबायचा, आणि सहा सहा टनांचा दगड पाण्यावरच्या पानासारखा वर यायचा. मी हजारभर वेळा ते पाहिलं आणि दर वेळी मला टोपी काढावीशी वाटली.

बोहुमिलनं काटा खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "हा कोबा उचलायचा नाही."

"का?" क्रिस्टाचा चेहरा लाल झाला. "माझ्या हातावर भरवसा नाही?"

"तुझ्या हातावर आहे."

"मग?"

तो उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि बाहेर गेला.

लिबीनं मला नंतर सांगितलं की त्या क्षणी तिला वाटलं, बाबा थकलेत. आईचं आता त्यांच्यानं होत नाही आणि तसं म्हणवतही नाही. जन्मात पहिल्यांदा बाबा आपल्या बाजूनं आहेत असं तिला वाटलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. मिलोला वेगळाच राग आला. साऱ्या जिल्ह्याचे कोबे सरळ केले आणि आपली बायको उतारावर ठेवली, असला कसला माणूस. तो राग त्याच्या मनात बरीच वर्षं होता. त्या दिवशी फक्त वर आला.

क्रिस्टा मात्र रागानं बसून राहणारी नव्हती. ती गाडीतून हातोडी घेऊन आली. आम्ही सगळे दारात जमलो. बोहुमिल लायलॅकच्या झुडपाखाली आमच्याकडे पाठ करून उभा होता.

कोबा कुठे भरीव आहे आणि कुठे पोकळ, हे हातोडीनं कळतं. हे तिला बोहुमिलनंच शिकवलं होतं. ती बाहेरच्या कडेपासून ठोकत निघाली. ठक. ठक. ठक. चौथ्या पावलाला आवाज बदलला. एखाद्या रिकाम्या पिंपावर मारावं तसा तो खालून, लांबून आला. तिनं आणखी एकदा मारलं. मग ती अगदी हळू, एकेक पाऊल मागं घेत गवतावर आली.

"मामाआजोबा," ती मला म्हणाली, "ऐकलंत?"

"ऐकलं."

"खाली जमीनच नाहीये." आणि मग सवयीनंच तिच्या तोंडून ते वाक्य गेलं. दर घरी, दर कोब्यावर, पहिली हातोडी मारली की बोहुमिल ते म्हणायचा आणि घरमालक हसायचा. "कोण्या आळशाचं काम आहे हे?"

बोहुमिल वळला. "माझं."

तो जवळ आला. टोपी हातात घेऊन, कोब्याच्या कडेला उभा राहून त्यानं सांगितलं. कन्फेशनला गेलेला माणूस बोलतो तसं, पण आम्हा सगळ्यांसमोर.

"अठ्ठेचाळीस साली शेतावर वीज आली. विहिरीवर मोटर बसली. मग इथलं टाकं नकोसं झालं. पावसाचं पाणी साठवायचं टाकं, विटांचं, आठ फूट रुंद आणि अकरा फूट खोल. माझा बाप म्हणाला, ओढ्यातले दगड आणि चिकणमाती आण, फूटभर भर, धुमसून काढ, मग पुढचा फूट. शनिवारी सकाळी तो बियाणं आणायला गेला. तीन दिवसांचं काम होतं ते. आणि संध्याकाळी गावात, आपल्या चेक मंडळाच्या सोकोल हॉलमध्ये नाच होता."

"मग?" मिलोनं विचारलं.

"मक्याच्या कोठाराजवळ रिकाम्या कणसांचा ढीग होता. दाणे काढून झालेली, जाळायला ठेवलेली. घराएवढा ढीग. मी ती आत लोटली. दुपारी दोनपर्यंत टाकं भरलं. वरून हातभर माती टाकली, पाय आपटून सारखी केली. बाप परत आला, त्यानं पाहिलं, पाठ थोपटली. सोमवारी आम्ही वर कोबा ओतला."

कणसं. मी टाक्याकडे, म्हणजे ते जिथे असेल तिथे पाहत राहिलो. आमच्याकडे त्या काळी कणसं चुलीत जायची, डुकरांखाली जायची, चिखलाच्या वाटेवर जायची. एखादा खड्डा कणसांनी भरायचं आमच्याशिवाय कुणाच्या डोक्यात आलं नसतं. आणि कणसं कुजतात. हळू, वर्षावर्षानं, पण कुजतातच.

दारातून वॉकर सरकल्याचा आवाज आला. अल्बिना उंबरठ्यापर्यंत आली होती.

"कुठला शनिवार?" तिनं विचारलं.

"सप्टेंबरातला."

"मी पिवळा झगा घातला होता तो?"

"तोच."

"तुझ्या केसांत कणसांची भुसकटं होती," अल्बिना म्हणाली. "मी विचारलं, तर म्हणालास घोड्यांना चारा घालत होतो."

"खोटं बोललो."

"साठ वर्षं!"

"एकोणसाठ."

लिबी उंबरठ्याशी आईच्या दंडाला धरून उभी होती. ती कोब्याकडे पाहत होती. आम्ही सगळेच पाहत होतो. त्या कोब्यावर मिलो चालायला शिकला होता. लिबीच्या लग्नाचा फोटो त्यावर काढला होता. सगळा गोतावळा, बाजेवाले चौघे आणि बिअरची पिंपं धरून साठ माणसं. अल्बिना दर सोमवारी त्यावर ओल्या कपड्यांची पाटी घेऊन उभी राहायची. आणि सगळा वेळ खाली अकरा फूट होते, आणि ते एका मुलीला भेटायच्या घाईत भरलेले होते. मला भीती वाटायला हवी होती. पण चर्चचं छत वर पाहताना मान दुखेपर्यंत पाहत राहावं तसं झालं मला, फक्त मी खाली पाहत होतो.

"आणि इतकी वर्षं गप्प?" मिलो म्हणाला.

"आधी बाप जिवंत होता. त्यानं पाठ थोपटली होती ना. तो गेला तोवर मी लोकांचे कोबे उचलायला लागलो होतो. दर घरी जाऊन आळशाचं काम, आळशाचं काम. मग माझ्या दारात भोक पाडून कुणाला दाखवणार? जेरीला?" त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"मी कुणाला सांगितलं नसतं," मी म्हणालो.

"तू चर्चच्या दारात सांगितलं असतंस."

क्रिस्टा हसली, पण तो हसला नाही. "आणि आता भीती वाटते," तो म्हणाला. "भोक पाडलं आणि सगळा कोबा आत गेला तर? पोरीसकट गेला तर? तिनं आश्रमात जावं हे मला बरं वाटतंय का? पण मी दोघींपैकी कुणाला..." तो टोपी हातात फिरवत राहिला.

तेव्हा मिलो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. हावलातांच्या घरात असं हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

"काय झालं तुला?" लिबी म्हणाली.

"अगं, बाबांनी दगड भरले असते तर ते त्या नाचाला गेले असते का? मग मी कुठे असतो? तू कुठे असतीस? आपण दोघं या कणसांवर आलोय!"

"दारू प्यायलास का?"

"माती किती लागेल, क्रिस्टा?"

क्रिस्टानं वाकून काठीनं गवतावर गोल काढला आणि हिशेब केला. "कणसं बसून बसून तळाला गेली असणार. चार ट्रॉल्या लागतील. पण सुकी पाहिजे, चाळता येईल अशी. या वसंतात सुकी माती आहे कुठे?"

ओढा तीनदा भरून वाहिला होता. शेतांत ट्रॅक्टर रुतत होते. सगळ्यांना एकच जागा ठाऊक होती आणि कुणी तिचं नाव घेईना. मिलोनं आपल्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये पाच ट्रॉल्या माती दोन वर्षं साठवली होती, शेडची जमीन उंच करून तिथे पक्का कोबा ओतण्यासाठी. दोन हिवाळे तो त्या शेडबद्दल बोलत होता.

"माझ्याकडे आहे," मिलो म्हणाला आणि ट्रॅक्टरकडे निघाला.

लिबीनं त्याला जाऊ दिलं. मग ती बापाला म्हणाली, "बाबा, सोमवारी अकराला आई या दारातून लायलॅकपर्यंत जाईल आणि परत येईल. एकटी. कुणी हात लावायचा नाही. ते जमलं तर खाट सोडते. नाही जमलं तर मला कुणी काही बोलायचं नाही."

"कबूल," बोहुमिल म्हणाला.

"मला विचारायची पद्धत या घरात नाहीच," अल्बिना म्हणाली. "कोलाचे खा आता."

रविवारी चर्चमधली मिसा, सकाळची प्रार्थना, आटोपून आम्ही सुरुवात केली. बोहुमिलनं कोब्यावर आडव्या तिडव्या लांब फळ्या टाकायला लावल्या आणि क्रिस्टाच्या कमरेला दोर बांधून तो ट्रॅक्टरला अडकवला. "मी काय गाय आहे?" ती म्हणाली. "गाय असतीस तर दोन दोर बांधले असते," तो म्हणाला. सात भोकं ठरली.

पहिलं भोक पडलं आणि ड्रिल एकदम आत गेली, हाताला काही अडकलंच नाही. क्रिस्टानं ती बाहेर काढली. त्या भोकातून वास आला.

त्यात ओल होती, विटांची बुरशी होती, आणि त्याखाली अगदी बारीक, गोडसर, मक्याचा वास होता. अठ्ठेचाळीस सालचं पीक. बोहुमिल गुडघ्यांवर बसला, तोंड भोकाजवळ नेलं आणि डोळे मिटले. मग त्यानं एक खडा आत सोडला. आम्ही थांबलो. खालून आवाज आला, पण जरा उशिरानं.

मग पंप सुरू झाला. मी आणि मिलोनं गारा कालवायचा, क्रिस्टानं पाइप धरायचा, बोहुमिलनं ऐकायचं. पहिली ट्रॉली गेली. दुसरी गेली. गारा आत पडताना डबक्यात शेण पडावं तसा आवाज येत होता. तिसरी गेली आणि आवाज तसाच. जेवणाच्या वेळी चौथी संपली, जी शेवटची असायला हवी होती.

"तळ फुटलाय का टाक्याचा?" मिलो कुजबुजला.

"नाही," बोहुमिल म्हणाला. "विटा माझ्या आजोबांनी लावल्यात. त्यांना त्या दिवशी नाचाला जायचं नव्हतं."

पाचवी ट्रॉली संपली आणि मिलोची शेड रिकामी झाली. तो रिकाम्या ट्रॉलीच्या कडेवर बसला आणि बुटांकडे पाहत राहिला. लिबी दारातून हे बघत होती. तिनं मला सांगितलं की शनिवारी दुपारी तिला कोबा उचलला जाऊ नये असं वाटत होतं, कारण मग निर्णय सोपा झाला असता. आणि आता ती उभ्या उभ्या मुठी आवळून प्रार्थना करत होती, आणि कुणाची करतोय हे तिला कळत नव्हतं.

"कोंबड्यांच्या खुराड्याखाली बघा," आतून अल्बिनाचा आवाज आला.

"काय?"

"खुराड्याखाली. चाळीस वर्षं तिथे पाण्याचा थेंब पडलेला नाही. फळ्या उचला आणि उकरा. कोंबड्या काही आजच्या आज अंडी घालायच्या थांबत नाहीत."

खुराड्याखालची माती पिठासारखी निघाली. लिबीनं बाह्या वर केल्या आणि फावडं घेतलं. दवाखान्यात तीस वर्षं काढलेली बाई त्या दिवशी कोंबड्यांच्या शिटेत गुडघाभर उभी होती आणि मिलोला म्हणत होती, "जरा लवकर हात चालव, तुझ्याच वयाची आहे मी."

"दोन वर्षांनी लहान."

"म्हणून तर."

साडेचारच्या सुमाराला पाइप ताठ झाला. पंपाचा सूर जाड झाला. मग कोब्याच्या दुसऱ्या टोकाच्या भोकातून, कुणी बोट वर काढावं तसा गारा हळूच वर आला आणि पसरला.

"बंद," बोहुमिल म्हणाला. पंप थांबला. इतकी शांतता झाली की ओढ्याचं पाणी ऐकू आलं. "आता रात्रभर बसू दे. पोट भरलंय. उचलायचं उद्या."

सोमवारी सकाळी आठला आम्ही पुन्हा जमलो. फळ्या काढल्या. क्रिस्टानं हातोडी मारली. ठक. सगळीकडे ठक. बोहुमिलनं दोन खुंट्यांना लाइनदोरी ताणली, उंबरठ्याच्या पातळीला, आणि स्वयंपाकघरातून पांढरा वाडगा मागितला. हा त्याचा जुना नेम. वाडगा काठोकाठ पाण्यानं भरून कोब्याच्या मधोमध ठेवायचा. पाणी सांडलं तर तुम्ही घाई करताय.

वाडगा अल्बिनाच घेऊन आली, म्हणजे लिबीच्या हातात देऊन पाठोपाठ आली. "माझी खुर्ची आणा," ती म्हणाली. "वाडग्याजवळ ठेवा."

"आई, वेड लागलंय का?"

"अल्बिना, गवतावर बस," बोहुमिल म्हणाला.

"खाली काही नव्हतं तेव्हा मी यावर एकोणसाठ वर्षं उभी राहिले. आता खाली भरलंय तर बसू नको?"

क्रिस्टानं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची आणली. लिबी आईच्या मागं, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "मीही आहे," ती म्हणाली. "गेलो तर सगळे जाऊ."

पंप सुरू झाला. पहिल्या भोकात थोडं, मग दुसऱ्यात थोडं, मग पाचव्यात. एकाच जागी जास्त दाबलं की कोबा तडकतो, म्हणून क्रिस्टा पाइप काढून लाकडी खुंटी ठोकायची आणि पुढच्या भोकाकडे जायची. बोहुमिल कोब्यावर पालथा झोपला होता, कान सिमेंटला लावून, आणि एका हातानं खुणा करत होता. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, पाय गवतात, गाल दगडावर.

आधी काहीच झालं नाही. कधीच आधी काही होत नाही.

मग लिबीला वाटलं की घर खाली जातंय. असंच सांगितलं तिनं मला. तिच्या पायांना काही कळलं नाही, ना धक्का, ना हिसका. फक्त समोर स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट एका केसानं खाली आली. मग आणखी एका केसानं. तिनं आईचा खांदा घट्ट धरला. अल्बिना हात मांडीवर ठेवून, चर्चमध्ये बसते तशी बसली होती आणि उंबरठ्याकडे पाहत होती. एवढी वर्षं तिच्या गुडघ्यांनी मोजलेला तो उंबरठा हळूहळू तिच्याकडे येत होता.

"येतोय," ती म्हणाली.

मिलो गारा कालवायचं विसरला. बापाचं काम त्यानं कधीच उभं राहून पाहिलं नव्हतं. त्याला ते नेहमी चिखलाचं काम वाटायचं. त्याचं तोंड उघडं होतं आणि टोपी हातात होती. टोपी कधी काढली हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे, कारण माझीही हातातच होती.

तीन इंच आला आणि कर्र असा आवाज झाला. लांब, दातांत जाणारा. क्रिस्टानं पंप थांबवला. कोब्याची कड घराच्या पायाला घासून अडकली होती. वाडग्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठली आणि काठाला जाऊन टेकली.

"सांडलं?" बोहुमिलनं मान न उचलता विचारलं.

"नाही," अल्बिना म्हणाली. "थेंबही नाही."

"आई, उठू या," लिबी म्हणाली.

"तू उठ. मी बसते."

लिबी उठली नाही. उभीच होती ती, पण हलली नाही असं म्हणायचंय मला.

"आजोबा, तडकेल," क्रिस्टा म्हणाली. "तिसऱ्यात दाब आहे, पुढे जात नाही."

"तिसरं सोड. ते घरावर ढकलतंय. सातवं धर, बाहेरच्या कोपऱ्यातलं. अगदी थोडं. वासराला दूध पाजतात तसं नको, चिमणीला पाजावं तसं."

तिनं सातवं धरलं. एक घोट. थांबली. एक घोट. थांबली. बोहुमिलनं सिमेंटवर पंजा पसरला आणि हात वर केला. खालून धप्प असा हलका आवाज आला, झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तसा, आणि सहा टनांचा कोबा बोटभर बाहेर सरकला आणि मोकळा झाला. मग तो आला. उरलेले दोन इंच तो असा वर आला की त्याला कुणी उचलतंय असं वाटतच नव्हतं. तो आपणहून उठत होता. लाइनदोरीला त्याची कड टेकली आणि क्रिस्टानं पंप बंद केला.

मिलोनं क्रूसाची खूण केली. बोहुमिलनं पाणसळ मागितली, उंबरठा आणि कोबा यांवर मिळून ठेवली आणि बुडबुडा मधोमध येऊन थांबेपर्यंत पाहत राहिला. वाडगा भरलेला होता.

तो उठायला लागला तेव्हा त्याला दोन्हीकडून हात द्यावे लागले. कपाळापासून कानापर्यंत गारा लागला होता. अल्बिनानं त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पुन्हा केसांत काहीतरी घेऊन आलास," ती म्हणाली.

"या वेळी चांगलं भरलंय."

"पाहू."

अकरा वाजता ती उंबरठ्याच्या आत उभी राहिली, वॉकर पुढे टाकला आणि बाहेर आली. वॉकरचे पाय आत जसे होते तसेच बाहेर टेकले. लिबीनं दोन्ही हात पाठीमागं बांधून ठेवले होते. लायलॅकपर्यंत सतरा पावलं. तिथे अल्बिनानं एक फांदी वाकवून वास घेतला, आम्हाला मुद्दाम ताटकळत ठेवलं, आणि वळली. परत सतरा. उंबरठ्यावर पाय ठेवताना तिनं सवयीनं गुडघा उंच उचलला, पाच इंचांसाठी. पाय हवेत राहिला. पाच इंच आता नव्हते. तिनं तो हळूच खाली ठेवला आणि स्वतःशीच हसली.

बारा वाजायला वीस मिनिटं असताना लिबीनं आश्रमाला फोन केला आणि खाट सोडली.

भोकं क्रिस्टानं त्याच दुपारी सिमेंटनं बुजवली. ते सात गोल अजून दिसतात, बाकीच्या कोब्याहून जरा फिके. मिलोची शेड पुढची चार वर्षं मातीचीच राहिली आणि त्याबद्दल त्यानं कधी कुरकुर केली नाही.

बोहुमिल दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात गेला, मक्याची कापणी उरकल्यावर. त्याला रिवाजाप्रमाणे पुढच्या दारानं नेलं, नऊ पायऱ्या उतरून, आणि शवपेटी उचलणाऱ्या सहाजणांपैकी दोघांचे पाय अडखळले. अल्बिनानं ते पाहिलं. त्याच संध्याकाळी तिनं मिलोला बजावलं की आपल्याला त्या दारानं न्यायचं नाही. पुढे तिची वेळ आली तेव्हा तिला स्वयंपाकघराच्या दारानं नेलं. उंबरठ्यावर कुणाला खाली पाहावं लागलं नाही.

माझी बहीण अल्बिना हावलात तीन मार्च दोन हजार चौदा रोजी सकाळी, त्याच घरात, आपल्या खाटेवर वारली.